तुटणाऱ्या साखळ्यांची साक्ष

प्लास्टिकची बादली वर्षानुवर्षे बिनतक्रार पाणी वाहते आणि एके दिवशी, भरलेली असतानाच, तिची कडी निखळते. सुंभाची दोरी असे करीत नाही. तिचे पीळ आधी उसवतात, तंतू बाहेर येतात, हाताला कुसे टोचू लागतात. विहिरीवरचा शहाणा माणूस ते पाहून दोर बदलतो. लाकडाला आधी तडा जातो, ते कुरकुरते. प्लास्टिक मात्र पुष्कळदा शेवटच्या क्षणापर्यंत जसेच्या तसे दिसते.

बादलीने दगा दिला तर फार तर पाणी सांडते. पण हीच द्रव्ये आता अशा ठिकाणी वापरली जातात की जेथे दगा परवडत नाही. मोटारसायकलस्वाराचे हेल्मेट, गिर्यारोहकाचा दोर, पवनचक्कीची पाती ही त्याची उदाहरणे. २०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ या विमानाच्या रचनेचे जवळजवळ निम्मे वजन कार्बन तंतू आणि राळ यांच्या संमिश्राचे आहे. अशा संमिश्रावर एखादे अवजार पडले तर पृष्ठभागावर ओरखडाही दिसत नाही, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. म्हणूनच अभियंते असे भाग ठरावीक काळाने श्राव्यातीत ध्वनीने तपासतात, आणि न दिसलेली इजा गृहीत धरून ते मुळातच अधिक बळकट बनवतात.

मग प्रश्न असा पडतो, की आपल्याला इजा झाली आहे हे सांगायला त्या पदार्थालाच शिकवता येईल का? गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत तरी 'होय' असे मिळाले आहे. ताणल्यावर लाल होणारे आणि तुटताना प्रकाश देणारे प्लास्टिक आज बनवता येते. परंतु या उत्तरापूर्वी एक जुना वाद मिटावा लागला. नुसत्या ओढण्याने, दाबण्याने किंवा घासण्याने अणूंमधला रासायनिक बंध तुटू शकतो काय? या वादाची सुरुवात दोनशे वर्षांपूर्वी रबराच्या एका छोट्या कारखान्यात झाली.

लंडनचे 'लोणचे'

थॉमस हॅनकॉक हा इंग्रज कारागीर १८२० च्या सुमारास लंडनमध्ये रबराच्या पट्ट्या कापून हातमोज्यांना आणि कपड्यांना लावण्याचे बंद बनवीत असे. कापताना पुष्कळ तुकडे वाया जात. ते बारीक करून पुन्हा वापरावेत म्हणून त्याने एक यंत्र तयार केले. एका पोकळ नळकांड्याला आतून दाते आणि त्यात फिरणाऱ्या रुळालाही दाते, अशी त्याची रचना होती. यंत्र एक माणूस हाताने फिरवी.

हॅनकॉकला अपेक्षा होती रबराचा चुरा होण्याची. घडले उलटेच. तुकडे एकमेकांत मिसळून त्यांचा एकजीव, गरम आणि मऊ गोळा झाला. कणीक तिंबावी तसे रबर तिंबले गेले होते. असे तिंबलेले रबर साच्यात बसे, द्रावकात सहज विरघळे, आणि त्यात दुसरे पदार्थ मिसळता येत. कच्च्या रबराच्या बाबतीत यातले काहीच नीट जमत नसे. हा शोध पैशाचा होता. हॅनकॉकने कामगारांकडून गुप्ततेचे वचन घेतले आणि कोणाला सुगावा लागू नये म्हणून यंत्राचे नाव ठेवले 'पिकल', म्हणजे लोणचे! एकस्व त्याने घेतले ते थेट १८३७ साली.

रबर तिंबले की मऊ का होते, हे हॅनकॉकला सांगता येणे शक्यच नव्हते. रबराचा रेणू कसा असतो हेच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. पुढची शंभर वर्षे कारखाने रबर तिंबत राहिले आणि 'का' हा प्रश्न तसाच राहिला.

उष्णता की बल?

रासायनिक अभिक्रिया घडवायला उष्णता, प्रकाश किंवा वीज लागते असे आपण वर्गात शिकवतो. घासणे आणि कुटणे ही अभिक्रिया घडवण्याची साधने आहेत असे सहसा सांगत नाही. वास्तविक आपल्या रसशास्त्रात पारा आणि गंधक खलात घोटून कज्जली करण्याची कृती जुनी आहे. घोटता घोटता पाऱ्याची चमक नाहीशी होते आणि काजळासारखे काळे चूर्ण उरते. खलातच पारा आणि गंधक यांचा संयोग झालेला असतो.

यावर शंका येणे साहजिक आहे. घासल्याने उष्णता निर्माण होते, मग ही सारी करामत उष्णतेचीच कशावरून नसेल? या शंकेचे पहिले नेटके उत्तर १८९० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू कॅरी ली या रसायनशास्त्रज्ञाने दिले. मर्क्युरिक क्लोराइड तापवले तर त्याचे विघटन न होता संप्लवन होते, म्हणजे ते थेट बाष्परूप होते. सिल्व्हर क्लोराइड तापवले तर वितळते, पण विघटन पावत नाही. मात्र हीच संयुगे खलात जोराने घोटली तर त्यांचे अंशतः विघटन होते, असे लीला आढळले. जे उष्णतेने होत नाही ते घोटल्याने होते, तेव्हा बलाचा मार्ग उष्णतेहून वेगळा असला पाहिजे. हा निष्कर्ष पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता. पण ली याने क्षारांवर काम केले होते आणि रबराच्या गिरणीशी त्याचा संबंध जोडण्याइतके रबराचे ज्ञान अजून झाले नव्हते.

धाग्यांचे फाटणे

ते ज्ञान आले हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे. १९२० साली त्याने असे मांडले की रबर, सेल्युलोज, पॉलिस्टायरीन यांसारख्या पदार्थांचे रेणू प्रचंड लांब साखळ्यांचे असतात आणि साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीला साध्या सहसंयुज बंधाने जोडलेली असते. अशा पदार्थांना आपण बहुवारिके किंवा पॉलिमर म्हणतो. आज शाळेत शिकवली जाणारी ही गोष्ट तेव्हा बहुतेकांना पटली नाही. हे पदार्थ छोट्या रेणूंचे बनलेले असून ते रेणू दुबळ्या आकर्षणाने गोळा झालेले आहेत, असे त्या काळच्या अनेक नामांकित रसायनशास्त्रज्ञांचे मत होते.

हॅनकॉकच्या कोड्याचे या वादात काय होते ते पाहा. रबर म्हणजे छोट्या रेणूंचा गठ्ठा असेल तर तिंबल्यावर मऊ होण्यात नवल नाही. गठ्ठा सैल झाला, एवढेच. पण श्टाउडिंगरचे म्हणणे खरे असेल, तर रुळाच्या प्रत्येक फेऱ्यात कोट्यवधी सहसंयुज बंध तुटत असले पाहिजेत. ज्या कार्बन-कार्बन बंधाला तोडायला दर मोलला सुमारे ३५० किलोजूल ऊर्जा लागते, तो बंध माणसाने हाताने फिरवलेल्या रुळाने तुटतो, यावर विश्वास ठेवणे सोपे नव्हते.

श्टाउडिंगरकडे रेणूची लांबी मोजण्याचे एक साधन होते. बहुवारिकाचे द्रावण किती दाट आहे, म्हणजे किती सावकाश वाहते, यावरून तो साखळ्यांच्या सरासरी लांबीचा अंदाज करी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस त्याने आणि सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीन गिरणीत दळून पाहिले. दळल्यानंतर त्याचे द्रावण पूर्वीपेक्षा पातळ झाले, म्हणजे साखळ्या आखूड झाल्या होत्या. १९३४ साली हॉयर या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्याने पॉलिस्टायरीनच्या धाग्यांसारख्या रेणूंचे 'फाटणे' असा शब्द वापरला.

पाणी कितीही ढवळले तरी पाण्याचे रेणू तुटत नाहीत, मग पॉलिस्टायरीनचेच का तुटावेत? याचे उत्तर लांबीत आहे. छोटा रेणू ढकलला तर बाजूला सरकतो. लांब साखळी मात्र शेजारच्या साखळ्यांत अनेक ठिकाणी गुंतलेली असते. दोऱ्याचा गुंता दोन बाजूंनी ओढला तर दोरा सुटण्याआधी तुटतो, तसेच येथे होते. गुंत्यामुळे सगळा ताण साखळीच्या एखाद्या भागावर एकवटतो.

हवेचा हात

तरीही वाद मिटला नाही. १९३२ साली अमेरिकेत बुसी या संशोधकाने रबर तिंबणे हे ऑक्सिडीकरण असल्याचे मत मांडले. हवा काढून घेतलेल्या यंत्रात रबर कितीही तिंबले तरी ते फारसे मऊ होत नाही, हे त्याला बळ देणारे निरीक्षण होते. मग साखळ्या तोडतो कोण, बल की ऑक्सिजन?

१९४० साली प्रिन्स्टन येथील वॉल्टर काउझमान आणि हेन्री आयरिंग यांनी या प्रश्नाला सैद्धांतिक बैठक दिली. बंध तुटणे म्हणजे ऊर्जेची एक टेकडी ओलांडणे. उष्णता रेणूला धक्के देऊन टेकडीवर चढवते. बल मात्र टेकडीच एका बाजूने खचवते, आणि मग नेहमीच्या तापमानाचे धक्केही रेणूला पलीकडे न्यायला पुरे पडतात. ओढलेला बंध सहज का तुटतो याचे हे स्पष्टीकरण आजही पायाभूत मानले जाते.

प्रयोगाने निकाल लागला तो १९५० च्या दशकात, इंग्लंडमधील ब्रिटिश रबर प्रोड्यूसर्स रिसर्च असोसिएशन या संस्थेत. पाइक आणि वॉटसन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात नायट्रोजनमध्ये रबर तिंबले. अपेक्षेप्रमाणे ते फारसे मऊ झाले नाही. मग त्यांनी नायट्रोजनच कायम ठेवून रबरात थायोफेनॉलसारखी, मुक्त मूलकांना पकडणारी संयुगे थोड्या प्रमाणात घातली. आता ऑक्सिजन नसतानाही रबर मऊ झाले!

याचा अर्थ सरळ होता. साखळी तुटते ती बलानेच. तुटल्यावर दोन्ही टोकांना एकेकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजेच ती टोके मुक्त मूलके बनतात. आजूबाजूला दुसरे कोणी नसेल तर अशी टोके पुन्हा जोडली जातात आणि तुटल्याची खूण राहत नाही. ऑक्सिजन किंवा थायोफेनॉल असेल तर ते टोकांना बांधून टाकते आणि तुटलेले तुटलेलेच राहते. श्टाउडिंगर आणि बुसी या दोघांनीही एकाच घटनेचे एकेक अंग पाहिले होते.

याच काळात तापमानाचा एक उलटा नियमही नीट समजला. बहुतेक अभिक्रिया तापवल्यावर जलद होतात. रबराचे तिंबणे मात्र थंडीत अधिक परिणामकारक ठरते, गरम होत जाईल तसे मंदावते, आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे गेल्यावर पुन्हा वेग घेते. थंड रबर ताठ असते, त्यामुळे बल साखळ्यांपर्यंत पोचते. गरम झाल्यावर साखळ्या एकमेकींवरून घसरून निसटतात. फारच तापले की मग ऑक्सिजन स्वतःच साखळ्या कापू लागतो. बलाचा मार्ग आणि उष्णतेचा मार्ग वेगळे, हे ली याचे म्हणणे येथे रबरातही दिसून आले.

तुटण्यापूर्वीचे तुटणे

आतापर्यंतची गोष्ट गिरणीतली होती. सोव्हिएत संघात, लेनिनग्राडच्या आयोफे भौतिक-तांत्रिक संस्थेत एस. एन. झुर्कोव्ह यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत तोच प्रश्न वापरातल्या वस्तूंबद्दल विचारला. टांगलेल्या वजनाने धागा एकदम तुटत नाही, काही काळाने तुटतो. हा काळ कशावर अवलंबून असतो?

झुर्कोव्ह यांच्या गटाला असे दिसले की ताण ठरावीक प्रमाणात वाढवला की आयुष्य दर वेळी ठरावीक पटीने घटते, आणि तापमान वाढवल्यानेही ते घटते. म्हणजे पदार्थाचे बळ ही एखादी पक्की मर्यादा नाही. वजन टांगल्या क्षणापासून बंध एकेक करून तुटत असतात आणि आपण ज्याला 'तुटणे' म्हणतो तो या क्रियेचा शेवट असतो. पुढे त्यांनी ताणलेले नायलॉनचे धागे इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदन या तंत्राने तपासले. हे तंत्र एकेकटे इलेक्ट्रॉन ओळखते. धागा डोळ्यांना अखंड दिसत असतानाच त्यात मुक्त मूलके साठत असल्याचे आढळले.

एका साखळीचे बळ किती असते? १९९९ साली म्युनिकमध्ये हेरमान गाउब यांच्या गटाने आण्विक बल सूक्ष्मदर्शकाच्या सुईने एकच बहुवारिक रेणू ओढून याचे मापन केले. सिलिकॉन-कार्बन बंध सुमारे २ नॅनोन्यूटन बलाने तुटला असे त्यांनी दाखवले. २ नॅनोन्यूटन म्हणजे एका मिलिग्रॅमच्या पाच हजाराव्या भागाचे वजन.

या आकड्यावरून एक उद्बोधक हिशेब करता येतो. पॉलिएथिलीनच्या स्फटिकात एक साखळी सुमारे ०.१८ चौरस नॅनोमीटर जागा घेते. तेव्हा एक चौरस मिलिमीटर छेदात पाच लाख कोटींहून अधिक साखळ्या बसतात. प्रत्येकीने केवळ २ नॅनोन्यूटन पेलले तरी एकूण बळ १०,००० न्यूटनवर जाते, म्हणजे काडीएवढ्या छेदाला टनभर वजन टांगता यायला हवे! प्रत्यक्षात साध्या पॉलिएथिलीनची तेवढीच पट्टी २०-३० न्यूटनला, म्हणजे दोन-तीन किलोला हार खाते. याचे कारण असे की सगळ्या साखळ्या ताणाच्या दिशेत नसतात आणि ओझे समान वाटले जात नाही. पुष्कळ साखळ्या नुसत्या घसरतात, तर थोड्या ताठ साखळ्या आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक भार सोसतात आणि आधी तुटतात. त्या पहिल्या साखळ्यांचे तुटणे कळले, तर वस्तू तुटण्यापूर्वी सूचना मिळाली असे होईल. पण ते कळावे कसे?

मुद्दाम घातलेला कच्चा दुवा

उत्तर आले ते द्रावणावरच्या प्रयोगांतून. बहुवारिकाच्या द्रावणातून श्राव्यातीत ध्वनी सोडला तर त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्या वेळच्या वेगवान प्रवाहात सापडलेली लांब साखळी ताणली जाते आणि बहुधा मध्याजवळ तुटते. १९८० साली चिलीतील एनसिना, लिसी आणि सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनिलपायरोलिडोनच्या साखळ्यांत काही ठिकाणी पेरॉक्साइडचे दुबळे दुवे घातले, आणि अशा साखळ्या कितीतरी लवकर तुटतात असे दाखवले. साखळी कोठे तुटावी हे रसायनशास्त्रज्ञाला ठरवता येते, ही कल्पना त्यात होती.

पंचवीस वर्षांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जेफ्री मूर यांच्या गटाने ती पुढे नेली. २००५ साली त्यांनी साखळीच्या बरोबर मध्ये दुबळा अ‍ॅझो दुवा ठेवला आणि साखळी तेथेच तुटते हे सिद्ध केले. २००७ साली, स्कॉट व्हाइट आणि नॅन्सी सॉटॉस या अभियंत्यांच्या साथीने, त्यांनी मध्ये एक चार कार्बनी वलय ठेवले. या वलयाची दोन रूपे असतात. तापवल्यावर ती वुडवर्ड आणि हॉफमन यांच्या प्रसिद्ध नियमांनुसार उघडतात आणि दोन वेगळी उत्पादिते देतात. ध्वनीने ओढल्यावर मात्र दोन्ही रूपांपासून एकच उत्पादित मिळाले. बल रेणूला अशा वाटेने नेऊ शकते की जी वाट उष्णतेला बंद आहे, हे ली याच्या खलानंतर शंभराहून अधिक वर्षांनी एकेका बंधाच्या पातळीवर दिसले.

बलाला असा ठरावीक रासायनिक प्रतिसाद देणाऱ्या गटाला 'मेकॅनोफोर' असे नाव मिळाले. आपण त्याला बलसंवेदी गट म्हणू. आता फक्त असा गट हवा होता की ज्याचा प्रतिसाद डोळ्यांना दिसेल.

लाल झालेली पट्टी

तो गट जुनाच होता. स्पायरोपायरान नावाच्या संयुगांचा रंग प्रकाशाने बदलतो हे इस्राएलच्या वाइझमान संस्थेत फिशर आणि हिर्शबर्ग यांनी १९५२ साली दाखवले होते. या रेणूचे दोन अर्धभाग एकमेकांशी काटकोनात असतात. त्यामुळे त्यांच्या इलेक्ट्रॉनांची एकसंध मालिका होत नाही आणि पदार्थ जवळजवळ रंगहीन दिसतो. मधला एक कार्बन-ऑक्सिजन बंध तुटला की रेणू उलगडून सपाट होतो, इलेक्ट्रॉनांना लांब सलग वाट मिळते, आणि तो हिरव्या-पिवळ्या भागातला प्रकाश शोषून लाल-जांभळा दिसू लागतो.

मूर, सॉटॉस, व्हाइट आणि सहकाऱ्यांनी हा गट पॉलिमिथाइल अ‍ॅक्रिलेटच्या साखळ्यांत असा गुंफला की साखळीचा ताण नेमका त्या दुबळ्या बंधावर यावा. २००९ साली डग्लस डेव्हिस हे पहिले लेखक असलेला त्यांचा लेख 'नेचर' मध्ये आला. फिकट पट्टी ताणत गेल्यावर तुटण्यापूर्वी लाल झाली होती.

येथे शंका घ्यायला जागा होती, कारण स्पायरोपायरान उष्णतेनेही रंग बदलते. म्हणून संशोधकांनी दुसरी पट्टी बनवली. तिच्यात तोच गट होता, पण तो साखळीला एकाच टोकाने जोडलेला, लोंबता होता. त्यामुळे साखळी ताणली तरी त्याच्यावर ओढ येत नव्हती. ही पट्टी तितकीच ताणूनही लाल झाली नाही. उष्णता दोन्ही पट्ट्यांत सारखीच होती, फरक होता तो बल पोचण्याचा. विद्यार्थ्यांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

काजव्याचे रसायन

यानंतर वेगवेगळ्या स्वभावाचे साक्षीदार पुढे आले. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे रिंट सिब्बेस्मा यांच्या गटाने २०१२ साली साखळीत डायऑक्सिटेन हे वलय घातले. दोन कार्बन आणि दोन ऑक्सिजन यांचे हे चौकोनी वलय तुटले की निघणाऱ्या ऊर्जेचा काही भाग निळसर प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. काजव्याचा प्रकाशही अशाच जातीच्या चौकोनी वलयाच्या तुटण्यातून येतो. २०१४ साली पॅरिसच्या कोस्तांतिनो क्रेतों यांच्यासह त्यांनी या प्रकाशाच्या साहाय्याने, चिवट रबरात पुढे सरकणाऱ्या भेगेभोवती कोणते बंध केव्हा बळी जातात ते प्रत्यक्ष पाहिले.

हा प्रकाश क्षणिक असतो. कायमची खूण हवी असेल तर अँथ्रासीनचा उपयोग होतो. एका संयुगात 'झाकून' ठेवलेले अँथ्रासीन साखळी तुटताच मोकळे होते आणि मग अतिनील प्रकाशात चमकत राहते. २०२० साली क्रेतों यांच्या गटाने अशा चमकणाऱ्या खुणा मोजल्या. लेक आणि थॉमस यांनी १९६७ साली मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धान्तात असे गृहीत धरले होते की रबर फाटताना भेगेच्या प्रतलात येणाऱ्या साखळ्याच तुटतात. मोजणीत दिसले ते वेगळे. भेगेपासून आत, वरकरणी शाबूत दिसणाऱ्या रबरातही साखळ्या तुटलेल्या होत्या. इजेची सूचना मिळवण्यासाठी घातलेल्या रेणूंनी येथे इजा म्हणजे काय याचीच समजूत सुधारली.

रंगावर किती विसंबावे

हे सगळे वाचून, लाल होणारी हेल्मेटे आता बाजारात यावीत असे वाटेल. पण मध्ये काही अडचणी आहेत. स्पायरोपायरानचा लाल रंग दृश्य प्रकाशात हळूहळू फिका होतो, म्हणजे साक्षीदार आपली साक्ष विसरतो. उलट अतिनील किरणांनी तो इजा नसतानाही लाल होतो. उन्हात वापरायच्या वस्तूला हे दोन्ही दोष घातक आहेत. शिवाय पुष्कळ पदार्थांत रंग दिसू लागतो तो बराच ताण पडून गेल्यावर, आणि काळ्याभोर कार्बन संमिश्राच्या आत रंग बदलला तरी तो दिसणार कसा?

म्हणून काही संशोधकांनी साखळीऐवजी लेपाचा मार्ग धरला. इलिनॉयच्या सॉटॉस आणि व्हाइट यांच्या गटाने २०१६ साली इपॉक्सीच्या लेपात रंगद्रव्याच्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या. लेपाला भेग गेली की कुपी फुटते, द्रव्य इपॉक्सीत उरलेल्या अमाइन गटांशी संयोग पावते आणि फिकट पिवळ्याचे भडक लाल होते. दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक भेगाही यातून दिसल्या. अर्थात कुपी फुटायला भेग पडावीच लागते, तर बलसंवेदी गट भेगेच्याही आधीची हकीगत सांगतो. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, रंग न दिसणे हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. ठरावीक बंधावर पुरेशी ओढ आली नाही, एवढेच त्यावरून कळते. पडलेले हेल्मेट बदलावे आणि जुना दोर ठरल्या मुदतीनंतर वापरू नये, हे साधे नियम कोणत्याही रंगाने रद्द होत नाहीत.

वर्गात करण्यासारखे

मेकॅनोफोर शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत, पण त्यामागचा विचार दाखवता येतो. रंगीत प्लास्टिकच्या मोडक्या डब्याची पट्टी कापून सावकाश वाकवा. घडीवर पांढरी रेघ उमटेल. ही रेघ म्हणजे प्लास्टिकमध्ये पडलेल्या सूक्ष्म पोकळ्या असून त्यांच्यावरून प्रकाश विखुरला जातो. कोणतेही नवे रंगद्रव्य येथे तयार झालेले नाही. हा बदल भौतिक आणि स्पायरोपायरानचा बदल रासायनिक कसा, याची चर्चा विद्यार्थ्यांना करू द्यावी.

दुसरा प्रयोग दोन पट्ट्यांमध्ये पंधरा-वीस दोरे बांधून करावा. दोऱ्यांची लांबी मुद्दाम थोडी कमीजास्त ठेवावी, आणि काही दोऱ्यांच्या मध्ये कच्च्या लाल दोऱ्याचा छोटा तुकडा गाठवावा. आता पट्ट्या हळूहळू एकमेकींपासून ओढा. आखूड दोरे आधी ताठ होतील आणि लाल तुकडे आधी तुटतील, तेव्हा जुडगा मात्र शाबूतच असेल. किती लाल तुकडे तुटल्यावर सगळा जुडगा सुटतो हे मोजून त्याचा आलेख काढता येतो. झुर्कोव्ह यांचा एकेका बंधाने होणारा ऱ्हास आणि मूर यांचा मुद्दाम घातलेला कच्चा दुवा, दोन्ही त्यात दिसतात.

आलेख काढून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. लाल दोरे वाढवले तर सूचना अधिक ठळक मिळेल, पण जुडग्याचे बळ कमी होईल. मग किती दोरे लाल ठेवावेत? या विषयात काम करणाऱ्या प्रत्येक रसायनशास्त्रज्ञाला हाच हिशेब मांडावा लागतो.